कबड्डीला पुढचे दात लागत नाहीत

माझे वरचे पुढचे दोन दात साताऱ्याच्या एका मुलीच्या गुडघ्यावर गेले आणि गुण मला मिळाला. हे आधीच सांगून ठेवते, कारण नंतर सगळे दातांचंच बोलत बसले. तो गुण कुणाच्याही लक्षात राहिला नाही.

मी शिवांजली मगदूम, पंचगंगा संघाची चढाईपटू. चढाई म्हणजे एकटीने मध्यरेषा ओलांडून सात जणींच्या अंगणात शिरायचं, एका दमात ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणत कुणाला तरी शिवायचं आणि दम तुटायच्या आत परत यायचं. शाळेत असल्यापासून मी हे करते आहे, आणि आजही मध्यरेषेवर उभी राहिले की माझ्या पोटात गोळा येतो. तो कुणाला दिसत नाही, यावर माझा सगळा खेळ उभा आहे. मी डावीकडे बघते आणि उजवीकडे जाते. दमल्याचं सोंग करते, आणि मला धरायला पुढे आलेल्या पोरीच्याच पायाला शिवून पळते. याला हुलकावणी म्हणतात. सरळ सांगायचं तर हे अंगाने खोटं बोलणं आहे, आणि मी त्यात पटाईत आहे.

जयसिंगपूरच्या डॉ. अर्शिया बागवान यांनी माझं तोंड उघडून पाहिलं, जबड्याचा फोटो काढला आणि हातमोजे उतरवत म्हणाल्या, "चार रस्ते आहेत. नीट ऐक, मग हो म्हण. तू आधी हो म्हणतेस आणि मग ऐकतेस."

पहिला रस्ता काढघालीच्या प्लेटचा. रोज काढायची, धुवायची, घालायची. पण चढाईत घशात गेली तर आयुष्यभर लोक त्याच गोष्टीने ओळखतील. दुसरा इम्प्लांटचा. जबड्याच्या हाडात स्क्रू बसवायचा, हाड त्याला घट्ट धरेपर्यंत काही महिने थांबायचं आणि मग त्यावर दात चढवायचा. "सगळ्यात चांगला हाच," डॉक्टर म्हणाल्या, "पण तू थांबणार नाहीस. आणि हाड भरायच्या आत तिथे पुन्हा गुडघा बसला तर स्क्रूबरोबर हाडही जाईल."

तिसरा रस्ता चिकटवायच्या पुलाचा. खोट्या दातांना मागून पातळ पंख असतात, ते शेजारच्या दातांच्या पाठीला चिकटवतात. शेजाऱ्यांना फारसा त्रास नाही. सुटला तर पुन्हा चिकटवता येतो. आणि चौथा पक्का पूल. त्यासाठी शेजारचे दोन चांगले दात चारी बाजूंनी घासून खुंटाएवढे करायचे, त्यांच्यावर टोप्या बसवायच्या आणि मधले दोन खोटे दात त्या टोप्यांना जोडलेले. नदीवरचा पूल दोन काठांवर उभा राहतो तसाच.

"भक्कम असतो," डॉक्टर म्हणाल्या. "पण घासलेला दात परत वाढत नाही, हे लक्षात ठेव."

मी चिकटवायचा पूल निवडला. डॉक्टरांनाही तो पसंत होता. आम्ही दोघींनी तारीखसुद्धा ठरवली.

त्याच संध्याकाळी अभिराज आला. अभिराज सांगलीचा, आमच्या संघाचा विश्लेषक. म्हणजे सामने बघून कोण कुठे चुकतं हे संगणकावर मांडणारा माणूस. आमचा साखरपुडा झाला होता आणि लग्न उन्हाळ्यात ठरलं होतं. त्याचे डोळे चमकत होते. "लीगकडून तुला ‘सोबती’ मिळतोय," तो म्हणाला. "अख्ख्या लीगमध्ये पहिल्या सहा जणींत तू."

सोबती हे एका कंपनीने लीगसाठी बनवलेल्या नव्या पुलाचं नाव होतं. त्याची कल्पना साधी होती, म्हणूनच इतकी चालली. पुलातला खोटा दात भरीव असायची काही गरज नसते, त्याला ना नस असते ना मूळ. कंपनीने तो पोकळ केला आणि आत तांदळाच्या कणीएवढं यंत्र बसवलं. आपण चावतो त्या दाबातूनच त्याला वीज मिळते, म्हणून त्याला चार्ज करावं लागत नाही आणि बंदही करता येत नाही. दाताभोवती लाळ असतेच. त्या लाळेतून ते साखर, थकवा, ताण मोजतं, आणि तोंडातून वाहणाऱ्या हवेवरून दम चालू आहे की तुटला हेही सांगतं. टोप्यांच्या आतल्या धातूतून त्याची खबर बाहेर, संघाच्या विश्लेषकाच्या फोनवर जाते. म्हणून त्याला पक्का पूलच लागतो. चिकटवलेल्या पंखांवर त्याचं भागत नाही.

लीगला ते दमासाठी हवं होतं. ‘दम तुटला होता’, ‘नव्हता तुटला’, यावरून आमच्याकडे खुर्च्या फेकल्या गेल्या आहेत. आता पंचासमोर हिरवा दिवा लागणार, दम तुटला की विझणार, वादाला जागाच नाही. आमच्या प्रशिक्षक गौराक्कांनाही ते पटलं. स्वतःच्या काळात पंचाच्या कानामुळे एक अंतिम सामना हरलेली बाई ती.

मलाही पटलं. डॉक्टरांनी घासायला सुरुवात करण्याआधी यंत्र बाजूला धरून पुन्हा विचारलं, "दोन निरोगी दात आहेत हे, शिवांजली." मी तोंड उघडूनच मान डोलावली. घासण्याचा वास शिंग जाळल्यासारखा येतो.

*

पूल सुंदर झाला. आरशात मी पूर्वीपेक्षा बरी दिसत होते, उसाचं कांडंही सोलू शकले असते. पहिल्या काही सामन्यांत हिरवा दिवा लागला, विझला, कुणी खुर्ची फेकली नाही. सगळे खूश होते.

मग इचलकरंजीच्या साडीच्या दुकानात ती गोष्ट झाली. अभिराजची आई, मी आणि तो, लग्नाचा बस्ता बांधायला गेलो होतो. काकूंनी माझ्यासाठी एक साडी बाजूला काढली, आंबा रंगाची, जांभळ्या काठाची. सगळं दुकान उलथंपालथं करून त्यांनी ती शोधली होती. मला तो रंग मुळीच आवडत नाही. मी पदर खांद्यावर घेतला आणि म्हणाले, "छान आहे, काकू."

अभिराजने हातातल्या फोनकडे पाहिलं. "तिला नाही आवडली, आई," तो हसत म्हणाला. "ताण एकदम चढलाय बघ."

तो गंमत करत होता, हे मला माहीत आहे. पण काकूंनी साडीची घडी घातली आणि ती दुकानदाराकडे सरकवली. मग आम्ही दुसऱ्या साड्या बघितल्या आणि त्या माझ्याशी बोलताना प्रत्येक वेळी आधी त्याच्या फोनकडे बघू लागल्या. मला त्या क्षणी इतका राग आला की कान गरम झाले. खोटं मी बोलले होते, मान्य. पण ते त्या बाईच्या मायेपोटी बोलले होते, आणि ते खोटं तिला द्यायचा मला अधिकार होता.

"सामना नसताना कशाला बघतोस?" बाहेर आल्यावर मी विचारलं.

"तुलनेला लागतं ना. तू एरवी कशी असतेस ते कळल्याशिवाय सामन्यातला आकडा समजणार कसा?"

"मग मला विचार, मी कशी आहे."

"विचारलं की तू ‘काही नाही’ म्हणतेस."

"मग ते ऐक."

तो पुन्हा हसला. त्याला वाटलं मी लाडात आले आहे. ‘काय झालं?’ आणि ‘काही नाही’ एवढ्यावर माझ्या आईने आख्खा संसार रेटला. त्या ‘काही नाही’त कधी राग होता, कधी दुखणं, कधी खरंच काही नव्हतं, कुठलं ते कधी सांगायचं हे ती ठरवायची. माझ्याकडून ते काढून घेतलं जात होतं आणि घेणारा माणूस माझ्यावर प्रेम करत होता. त्याच्याशी भांडायचं कसं तेच मला कळेना, कारण मी भांडायला तोंड उघडायच्या आत त्याला कळलेलं असायचं. हळूहळू त्याने मला काही विचारणंच सोडलं. जेवलीस का, झोप लागली का, रुसलीस का, त्याला सगळं आधीच माहीत.

*

हंगाम निम्मा झाला तेव्हा लीगच्या डोक्यात आणखी एक किडा वळवळला. सगळे आकडे मिळतातच तर प्रेक्षकांना का दाखवू नयेत? दोन्ही अंगणांच्या मागच्या भिंतींवर मोठे पडदे लागले. सोबतीवाली मुलगी चढाईला निघाली की तिचा फोटो यायचा आणि खाली लाळेतल्या ताणावरून काढलेला शंभरपैकी आकडा. त्याला त्यांनी नाव दिलं ‘धैर्यांक’. आकडा मोठा असला की टाळ्या, लहान असला की हुर्यो.

माझा आकडा कायम लहान. कधी चाळीस, कधी पस्तीस. प्रत्येक चढाईच्या आधी माझ्या पोटात येणारा तो गोळा आता भिंतीएवढा होऊन लोकांना दिसत होता. आणि लोकांचं सोडा, तो समोरच्या सात जणींना दिसत होता. मी दमल्याचं सोंग करायचे आणि त्या पडद्यावर बघायच्या की ही दमलेली नाही. मी बेफिकीर चेहरा करायचे आणि त्या पडद्यावर बघायच्या की ही टरकली आहे. मी डावीकडे बघितलं काय, उजवीकडे बघितलं काय, त्यांच्या नजरा माझ्या डोक्यावरून मागच्या भिंतीवर लागलेल्या. शिवायला गेले की हातात हात धरलेली त्यांची साखळी आधीच तयार. एका हंगामात मी इतकी कधी पकडली गेले नव्हते.

उपांत्य सामन्यात शेवटची चढाई आली तेव्हा आम्ही एका गुणाने पुढे होतो. अशा चढाया माझ्याच असतात, सगळ्या जिल्ह्याला माहीत आहे. मी उठले, तळहात पुसले. अभिराज गौराक्कांच्या शेजारी बसला होता. त्याने टॅब त्यांच्यासमोर धरला.

"एकतीस आलाय," तो हळूच म्हणाला. पण मी ऐकलं.

गौराक्कांनी टॅबकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलंच नाही. "बस खाली, शिवा. कौसर, तू जा."

कौसर आमची दुसरी सोबतीवाली, तिचा धैर्यांक नेहमी ऐंशीच्या पुढे. ती छाती काढून गेली आणि पहिल्याच कोपऱ्यात तिचा घोटा पकडला गेला. सामना बरोबरीत गेला. जादा वेळात नशिबाने आम्ही तरलो आणि अंतिम फेरीत पोचलो. सगळ्या नाचत होत्या. मी बाकावर बसून बुटाची नाडी सोडत होते आणि पुन्हा बांधत होते.

मयूरी माझ्या शेजारी येऊन बसली. मयूरी कुरुंदवाडची, आमची राखीव चढाईपटू, चित्त्यासारखे पाय आणि अख्ख्या हंगामात एकदाही मैदानात उतरली नव्हती. तिचा आकडाच नव्हता, मग आक्का कशावर विश्वास ठेवणार?

"ताई, मी बी बसवून घेतो म्हणतो," ती म्हणाली. आमच्याकडे पोरी असंच बोलतात, येतो-जातो.

"काय?"

"सोबती. कोल्हापुरात एक डॉक्टर हाईत, ते करून द्यालेत. दोन दात काढायचे, बाजूचे. दिसत बी न्हाईत."

"किडलेत?"

"न्हाई. चांगले हाईत." तिने गालाला आतून जीभ लावून दाखवली. "पण तसं बघाय गेलं तर खायला मागचे पुरतात की."

मला त्या पोरीच्या कानाखाली द्यावीशी वाटली आणि तिला पोटाशी धरावंसंही वाटलं. दोन्हींतलं काहीच केलं नाही. "अंतिम सामना होईपर्यंत थांब," एवढं म्हणाले. ती लगेच हो म्हणाली, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

*

दुसऱ्या दिवशी मी डॉ. बागवानांसमोर बसले. "पूल काढा."

"दुखतोय?"

"नाही."

"सैल झालाय?"

"नाही. मला नकोय."

त्या खुर्ची ओढून बसल्या. मी धैर्यांकाचं सांगितलं. सामने त्यांनी टीव्हीवर पाहिलेच होते.

"लाळेत अमायलेज नावाचा एक पाचकरस असतो," त्या म्हणाल्या. "भाकरी पचवायला लागतो तोच. भ्यालो की काही मिनिटांत तो वाढतो, हे खरं आहे. पण पळायच्या आधी वाढतो, भांडायच्या आधी वाढतो, डोक्याला मुंडावळ्या बांधल्या तरी वाढतो. आता काहीतरी होणार आहे, एवढंच शरीर सांगत असतं. ती भीती की तयारी हे लाळेत लिहिलेलं नसतं."

"मग धैर्यांक कुठून आला?"

"वाढलं की भीती म्हणायचं, असं कुणीतरी ठरवलं. त्या कौसरचं वाढत नाही, म्हणजे ती शूर असेलच असं नाही. कदाचित ती तेवढी तयारच होत नसेल."

शाळेपासून ज्याची मला लाज वाटत होती त्या गोळ्याबद्दल इतकं बरं कुणी बोललं नव्हतं.

"पण ऐक," डॉक्टर म्हणाल्या. "आधी जे चार रस्ते होते ते आता नाहीत. पूल सिमेंटने बसवलाय, टोप्या चिरून काढाव्या लागतील. खाली दोन खुंट आहेत, त्यांना वारा लागला तरी झिणझिण्या येतील. चिकटवायचा पूल आता होणार नाही, शेजारी घासून टाकलेत आपण. पुन्हा पक्काच करावा लागेल, फक्त आत काही नसलेला."

"मुका पूल."

"हो, मुका. तो करायला वेळ लागेल. तोवर पुढे भगदाड. आणि लीगचा करार?"

करारात लिहिलं होतं, नोंदणी केलेल्या खेळाडूने हंगामभर सोबती वापरावा. न वापरल्यास पुढच्या हंगामाचा विचार होणार नाही. ते मी वाचलं होतं. त्याच नियमावलीत खाली असंही होतं की दिवा चालत नसेल तर पंचाने दम कानाने ऐकावा. म्हणजे अंतिम सामना मला खेळता येत होता. त्यानंतर कदाचित कुठलाच नाही.

"मी काय लिहून देऊ?" डॉक्टरांनी विचारलं. "पूल सैल झाला होता असं खोटं मी लिहिणार नाही."

"खरं लिहा. रुग्णाला नको होता."

कागद पुढे ओढून त्यांनी तसंच लिहिलं आणि खाली सही ठोकली. टोप्या चिरायला घासण्यापेक्षा जास्त वेळ लागला. दोन्ही खुंटांवर त्यांनी प्लास्टिकच्या तात्पुरत्या टोप्या बसवल्या.

"मधे खेळापुरते दोन दात लावून देऊ? दिसायला?"

"नको, मोकळंच राहू दे."

"बोलताना हवा जाईल."

मी तिथेच खुर्चीत एका दमात ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणून बघितलं. क घशाशी, ब ओठांत, ड टाळूला. पुढच्या दातांचं त्यात काहीच काम नव्हतं. डॉक्टरांच्या तेव्हा लक्षात आलं आणि त्या मनापासून हसल्या.

*

अंतिम सामना मिरजेत होता, नाशिककडच्या गोदातीर संघाशी. गौराक्कांनी माझं तोंड पाहिलं आणि हातातली शिट्टी खाली टाकली.

"काय करून घेतलंस गं हे? म्हाताऱ्या बाईगत दिसालीस."

"आक्का, तुम्ही मला शाळेच्या मैदानावर पहिल्यांदा निवडलंत, तेव्हा माझ्या तोंडात काय बघितलं होतं?"

"तोंडात कोण बघतंय? पाय बघितलं तुझं." त्या फणकारल्या. "भ्यालीस की डावी टाच उचलतीस तू. तवापास्नं उचलतीस."

"आणि टाच उचलली की?"

मला वाटतं त्यांच्या डोळ्यांपुढून टाच उचलून मी जिंकलेल्या बऱ्याच चढाया गेल्या असाव्यात. पण लीगचा माणूस डॉक्टरांचा कागद घेऊन समोर उभा होता, आणि त्यांनी मला राखीव बाकावरच बसवलं. मी मयूरीशेजारी जाऊन बसले. अभिराज दुसऱ्या टोकाला होता. त्याच्या टॅबवर माझ्या नावापुढे रेघ होती. तो ती बोटाने पुन्हा पुन्हा दाबून बघत होता.

"हे तू मला आधी सांगायला हवं होतंस," तो येऊन म्हणाला.

"सवय गेली होती सांगायची. तुला सगळं आधीच कळायचं."

"मी काळजीपोटीच बघत होतो, शिवा."

"माहीत आहे. म्हणून तर तुझ्याशी अजून बोलते आहे."

सामना रटाळ नव्हता, पण आमच्या बाजूने चांगलाही नव्हता. गोदातीरच्या मुली तयार होत्या. कौसर आत शिरायच्या आधी त्यांच्या नजरा वर जायच्या, आकडा बघायच्या आणि त्याप्रमाणे साखळी मागेपुढे व्हायची. शेवटचं मिनिट आलं तेव्हा गुण बरोबरीत होते आणि कौसर बाद होऊन बाहेर होती. एकच चढाई उरली होती, आमची. शिवून परत आलं तर चषक, रिकामं आलं तर जादा वेळ, पकडलं गेलं तर संपलं.

गौराक्कांनी बाकाकडे पाहिलं. मी उठून उभी राहिले. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही, खाली पाहिलं. माझी डावी टाच उचललेली होती.

"जा," त्या म्हणाल्या.

पंच वयस्कर गृहस्थ होते. "तुझा दिवा लागत नाहीये, बाळ."

"कान तर चालतात ना, सर?"

त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "मोठ्यानं म्हण म्हणजे झालं."

मी मध्यरेषेवर वाकले, रेषेला हात लावून कपाळाला लावला. पोटात गोळा आला. इतका मोठा की श्वास घ्यायला जागा राहीना. ये बाबा, म्हटलं, आज तू माझाच आहेस, भिंतीवर कुणी तुला टांगणार नाही. आणि आत शिरले.

पहिल्या श्वासालाच खिंडारातून हवा आत घुसली आणि दोन्ही खुंट कळवळले. मी ‘कबड्डी’ त्याच कळेवर म्हटलं, मोठ्याने. उजवीकडे दोन पावलं, परत, डावीकडे. मध्ये उभी असलेली त्यांची कर्णधार सगळ्यांत अनुभवी होती. तिच्याच इशाऱ्यावर साखळी हलायची. मी पाय टाकला, लटपटल्यासारखा केला. खरंच लटपटला की मी केला, हे मलाही सांगता यायचं नाही.

आणि तिने तेच केलं जे अख्खा हंगाम सगळ्या जणी करत आल्या होत्या. तिने डोळे वर केले. माझ्या डोक्यावरून, मागच्या भिंतीवर, माझा आकडा बघायला. तिथे माझा फोटो होता आणि खाली काहीच नव्हतं. ती शोधत राहिली. बाकीच्या सहा जणींनी ती बघते म्हणून वर पाहिलं. एवढ्या वेळात मी तिच्या इतकी जवळ गेले होते की तिच्या कपाळावरचा घाम मला दिसत होता. मी तिच्या खांद्याला हात लावला, जत्रेत गर्दीत पुढच्या बाईला बाजूला हो म्हणून लावतात तसा, आणि वळले.

त्या मागून आल्या. माझ्या घोट्याला कुणाचा तरी हात लागला, बोटं आवळली. मी स्वतःला पुढे फेकलं, हनुवटी मॅटवर आपटली, बोटांची टोकं रेषेपलीकडे गेली. ‘डी’ अजून तोंडात होता. पंच माझ्या तोंडाशी कान आणून गुडघ्यांवर बसले होते. त्यांनी हात वर केला.

पुढचं सगळ्यांनी पाहिलंय. मी उठून पडद्याकडे वळले आणि हसले. लीगचा कॅमेरा माझ्यावर होता, त्यामुळे ते भगदाड भिंतीएवढं झालं, दोन्ही बाजूंना प्लास्टिकच्या टोप्या आणि मधे काळोख. लोक आधी बिचकले, मग टाळ्यांचा कडकडाट सुरू झाला. लीगच्या माणसाने फोटो बदलायला सांगितला, पण बदलणारा पोरगा उभा राहून टाळ्या वाजवत होता.

मयूरी धावत आली आणि गळ्यात पडली. "ताई, त्या डॉक्टरास्नी फोन करून न्हाई म्हणून सांगतो," ती माझ्या कानात ओरडली. मी तिचा गाल ओढला, आतल्या सगळ्या दातांसकट.

गौराक्कांनी मला शिव्या दिल्या, त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. मग पदराने माझ्या हनुवटीवरचं रक्त पुसलं. पुढच्या हंगामाचं काय ते पुढे बघू, असं त्या म्हणाल्या. लीग मला घेणार नाही हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. मैदानं काही लीगची जहागीर नाहीत. गावोगावच्या मातीत आजही पंच कानानेच ऐकतो.

सगळं ओसरल्यावर अभिराज आला. टॅब त्याने बाकावर ठेवून दिला होता, हात मोकळे होते, त्यांचं काय करावं हे त्याला सुचत नव्हतं. तो माझ्या शेजारी बसला आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिला, कपाळापासून हनुवटीपर्यंत, नवीन गावात पत्ता शोधत असल्यासारखा.

"घाबरली होतीस का गं?" त्याने विचारलं.

कित्येक महिन्यांनी त्याने मला काहीतरी विचारलं होतं.

"तुला काय वाटतं?" मी म्हणाले.

त्याने खूप विचार केला. माझे डोळे बघितले, हात बघितले, शेवटी खिंडाराकडेही बघितलं. आणि अगदी खात्रीने साफ चुकीचं उत्तर दिलं.

मी ते दुरुस्त केलं नाही.